मझार गार शे

नानांनी मला फसवलं आणि त्यात माझी डाळमिल गेली. नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे, धुळ्याचे धान्याचे व्यापारी, आणि आमच्या दोघांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतले दुसरे डायरेक्टर. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही लोक म्हणतील की नानांनी कुठे फसवलं, तूच फसलास. माझी बायको गेली कित्येक वर्षं हेच म्हणते आहे. तिचं म्हणणं तिच्यापाशी.

मी सौदा करणारा माणूस. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातून जळगावच्या मार्केट यार्डात आलो तेव्हा माझ्याकडे अंगावरचा सदरा आणि तोंड, एवढंच भांडवल होतं. सदरा लवकर फाटला. तोंडावर मी दलाली केली, मग उधारीवर तूर घेतली, आणि ऐंशी साल उलटल्यावर एमआयडीसीत एक बंद पडलेली डाळमिल विकत घेतली. ती चालू करताना मोटार मी स्वतः खोलली, पट्टे स्वतः चढवले, आणि पहिली डाळ बाहेर पडली तेव्हा मूठभर तोंडात टाकून कच्चीच चावली. ती गिरणी म्हणजे माझं नाव होतं. लोक मला गिरणीवरून ओळखत.

भरताची वांगी घेताना मी विकणाऱ्या बाईला इतका छळायचो की शेवटी ती म्हणायची, "फुकट ने भाऊ, पण आता जा." एकदा स्टेशनसमोर रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून भांडता भांडता माझी गाडी सुटली. आठ आणे वाचले म्हणून मी हसत हसत घरी परत आलो, आणि ज्या कामाला मुंबईला जायचं होतं ते काम दुसऱ्याने केलं. असा मी. मला कुणी फसवणं शक्य नाही अशी माझी आणि फक्त माझीच खात्री होती.

कंपनी काढायची कल्पना बँकेची. बँकेचे साहेब म्हणाले, नुसत्या गिरणीवाल्याला एवढं कर्ज मिळणार नाही, लिमिटेड कंपनी करा. मला जोडीदार हवा होता. धुळ्याला नाना होते, घराच्या मागे त्यांचं दगडी भिंतीचं मोठं गोडाऊन होतं, आणि सोयरीक आधीच झालेली होती. ठरलं असं की धुळे, शिरपूर, साक्रीकडची तूर आणि हरभरा नानांनी घ्यायचा, त्यांच्या गोडाऊनमध्ये ठेवायचा, लागेल तसा जळगावला पाठवायचा. मी डाळ करून विकायची. माझी गिरणी कंपनीत घातली, नानांनी पैसा आणि माल घातला. निम्मे-निम्मे शेअर. कागदावर आम्ही अगदी बरोबरीचे होतो.

कंपनी कायद्यात मुलीकडचे आणि मुलाकडचे असा भेद नाही. आमच्या कंपनीत तेवढा एकच होता.

बोर्डाची मीटिंग म्हणजे मी धुळ्याला जाणं. नाना गादीवर लोडाला टेकून, मी समोर सतरंजीवर मांडी घालून. आमचे वडील गेलेले, त्यामुळे मुलीकडचा कर्ता माणूस मीच. नाना बोलत असताना मी मध्ये बोलायचं नाही, त्यांनी "जेवनं का?" विचारल्याशिवाय उठायचं नाही. यार्डात ज्याच्या आवाजाने कबुतरं उडत, तो मी तिथे "हो नाना", "बरं नाना" करत बसायचो. कंपनीचे सीए नंतर इंग्रजीत मिनिट्स लिहायचे की संचालकांमध्ये सविस्तर चर्चा झाली. चर्चा कसली? नाना म्हणायचे, "यंदा हरभरा जास्त लेऊ," आणि मी म्हणायचो, "घेऊ." मग अक्का, म्हणजे माझी बहीण, शेवभाजी वाढायची.

खर्च कुठल्या खात्यात घालायचा हेसुद्धा सोयरिकीवर ठरायचं. अधिक महिना आला तेव्हा जावयाला वाण द्यायचं होतं. जावई, म्हणजे आमचे दाजी, नानांचा मुलगा. चांदीचं ताट, त्यात अनारसे, कपडे. ते पैसे गिरणीच्या गल्ल्यातून गेले. सीएंनी विचारलं, हा खर्च कशाचा? मी म्हणालो, पुरवठादाराशी संबंध चांगले ठेवण्याचा. ते हसले आणि त्यांनी तसंच लिहिलं. खोटं काय होतं त्यात? पुरवठादाराशी संबंध ठेवण्याचा एवढा महाग प्रकार कुठल्याही मोठ्या कंपनीने केला नसेल.

तरी आमचं कधी भांडण झालं नाही, आणि त्याचं कारण आमचा चांगुलपणा नव्हता. कारण होतं दिवाळी.

आमचं वर्ष दिवाळीला संपायचं. तूर आणि हरभरा येतो संक्रांतीपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात तो भरडून होतो. दिवाळीपर्यंत दोन्ही गोडाऊनं झाडून लख्ख झालेली असतात. मग हिशेबाला उरतं काय? विकलं ते विकलं, आलं ते आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही बसायचो आणि संध्याकाळी पूजेला उठायचो. डोळ्यांना दिसतं तेच वहीत असायचं. त्यात सोयऱ्याला काही विचारायची वेळच येत नसे.

रिकामं गोडाऊन मात्र अशुभ. म्हणून नाना दर दिवाळीला तुरीचं एक पोतं ठेवून द्यायचे. त्याला हळदकुंकू लावायचे आणि म्हणायचे 'लाभाचं पोतं'. ज्यांनी खळं पाहिलं आहे त्यांना हे समजेल. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. मापणारा म्हणतो 'लाभ', समोरचा म्हणतो 'लाभ', आणि मग दोन, तीन. समोरच्याने लाभ म्हटलं की रास त्याला मान्य झाली. नंतर त्याने राशीत हात घालून खालचं धान्य वर काढून पाहिलं, तर त्याने नुसतं धान्यच नाही, घरही संशयाने पाहिलं असं होतं. तर आमच्या ताळेबंदात दरवर्षी शिल्लक माल म्हणून हे एकच पोतं असायचं. सीए पहिल्या वर्षी मला म्हणाले होते, "एवढं एक पोतं विकून का टाकत नाही? हिशेब स्वच्छ होईल." मी त्यांना बाहेर जायला सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी विचारलं नाही.

मग ऐंशीचं दशक संपता संपता सरकारने ठरवलं की सगळ्यांनी हिशेब मार्चअखेर बंद करायचा. दिल्लीत बसून हे ठरवणाऱ्याने तुरीचं झाड पाहिलं नसावं. मार्चअखेर म्हणजे आमची दोन्ही गोडाऊनं छताला टेकलेली. नफा किती झाला हे आता गोडाऊनमध्ये काय आहे यावर ठरणार, आणि गोडाऊनमध्ये काय आहे हे मोजल्याशिवाय कळणार नाही. जी गोष्ट आम्ही इतकी वर्षं टाळली होती ती कायद्याने दाराशी आणून उभी केली. सोयऱ्याचं मोजायचं कसं?

सीए तरुण होते, जळगावचेच, बोलायला मऊ. ते म्हणाले, "आपण असं करू. जळगावचा माल नाना मोजतील, धुळ्याचा तुम्ही मोजा. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

"उत्तम," मी म्हणालो. आधी नाना येणार होते. मी दोन दिवस हमालांच्या मागे उभा राहून थप्प्या नीट लावून घेतल्या. थप्पी म्हणजे पोत्यांवर पोती रचून केलेली भिंत. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी मी पोती सजवली. तोंडं एका बाजूला, शिवण एका रेषेत. मधून चालायला वाट ठेवली, म्हणजे नानांना मागचंही दिसावं.

नाना एसटीने आले. ऑफिसात बसले, पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सीएंनी मालाचा कागद पुढे केला.

"आठे सही करू का?"

"नाना, आधी माल पाहा," मी म्हणालो. "मग सही."

"सोयरासनं काय मोजनं, भाऊ? बठ्ठं आपलंच शे." बठ्ठं म्हणजे सगळं. आणि त्यांनी सही केली. गोडाऊनकडे मान वळवूनही पाहिलं नाही. घरी येऊन चहा घेतला, मुलांच्या हातावर पैसे ठेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

इतका विश्वास! बायको चहाचे कप उचलत म्हणाली, "त्यांनी न पाहता सही केली. आता तुम्ही तिथे पाहून करणार?"

"का नाही करणार?" मी ओरडलो. "हिशेब म्हणजे हिशेब!"

पण मनात मला कळलं होतं. बाजारात जो आधी देतो तोच भाव ठरवतो, हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. नानांनी मला आधी देऊन टाकलं होतं. फुकट, चहावर.

धुळ्याला मी आणि सीए बरोबर गेलो. रस्ताभर मी सीएंना सांगत होतो की आज एकेक पोतं मोजायचं, थप्पीवर चढायचं, बांबू खुपसून पाहायचं. सीएंनी त्यासाठी जुनी पँट घातली होती. पोहोचलो तर अक्काने खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या. खापरावरची पोळी म्हणजे ताटाबाहेर लोंबणारी. वर दूध, तूप, कुरडया. नाना समोर बसून सीएंना आग्रह करत होते, "शहरना मानूस इतलंच खास का?" शहराचा माणूस एवढंच खातो म्हटल्यावर सीए ईर्ष्येला पेटले. जेवण संपलं तेव्हा सीएंना थप्पीवर चढणं सोडा, बुटाची नाडी बांधता येईना.

घराच्या मागच्या दारातून गोडाऊनमध्ये जाता यायचं, पण आम्ही पाहुणे म्हणून नानांनी आम्हाला रस्त्याकडच्या मोठ्या दरवाजाने नेलं. आत गेल्यागेल्या थप्पी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छतापर्यंत. तुरीचा वास, अर्धवट उजेड. थप्पीच्या पुढे पाटावर ते लाभाचं पोतं, त्याला ताजं कुंकू.

सीए म्हणाले, "मागच्या रांगा पाहाव्या लागतील."

"पाहा ना," नाना म्हणाले. त्यांनी कुणाला अडवलं नाही, हे मला कबूल करावं लागतं. ते फक्त पुढे झाले, लाभाच्या पोत्यावर हात ठेवला आणि खळ्यावर म्हणतात तसं मोठ्याने म्हणाले, "लाभ!"

आणि मी म्हणालो, "लाभ."

का म्हणालो? कुणी 'राम राम' म्हटलं की आपण 'राम राम' म्हणतो, तसा म्हणालो. लहानपणापासून खळ्यावर हजार वेळा म्हटलेला शब्द, तो तोंडातून निघून गेला. निघाल्यावर लक्षात आलं की रास मान्य झाली. हमालांनी ऐकलं, दाजींनी ऐकलं. सीए हातात पेन धरून 'दोन'ची वाट पाहत उभे होते. दोन काही आलं नाही.

तरी मी माझ्या स्वभावाला जागलो. "नाना," मी म्हणालो, "तरी एकदा मागं..."

तेवढ्यात अक्का बाहेरून वळसा घालून पाण्याचे पेले घेऊन आली. दोन्ही हातांत ट्रे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, ऱ्हाऊ दे आते ते मोजनं. दमेल दिखस तू. मझार जाईसन पड जरासा. मझार गार शे."

मझार म्हणजे आत. हात अडकलेले, म्हणून तिने हनुवटीने दाखवलं. मी उभा होतो तिथून थप्पी आणि थप्पीच्या मागे असलेलं घराचं दार एकाच दिशेला होतं.

मी भडकलो. इतका वेळ नानांसमोर दाबलेला राग होता, तो बहिणीवर निघाला. "मी इथे झोपायला आलेलो नाही, अक्का! कंपनीच्या कामाला आलो आहे!"

तिने ट्रे पाटाजवळ ठेवला आणि गेली. मला लाज वाटली. बहिणीच्या घरी येऊन, तिच्या हातचं जेवून, तिच्यावरच ओरडलो, तिच्या सासऱ्यादेखत. ती लाज झाकायला मी काय करावं? खिशातून पेन काढलं आणि सीएंच्या हातातल्या कागदावर सही ठोकली. नानांनी सांगितलेला आकडा, माझी सही. सीएंना ढेकर आला.

त्या वर्षीचा ताळेबंद मी अजून ठेवला आहे. शिल्लक मालापुढे इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ 'संचालकांनी प्रमाणित केल्यानुसार'. मी नंतर मोठमोठ्या कंपन्यांचे छापील अहवाल पाहिले, त्यांतही ही ओळ असायची. प्रत्येक वेळी मला वाटतं, इथेही कुणीतरी सोयऱ्याच्या गोडाऊनमध्ये उभं राहून लाभ म्हणून गेलं असणार. इथेही पुरणपोळी झाली असणार.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. गिरणी तरी राहिली असती. पण त्याच उन्हाळ्यात नाना म्हणाले की आता वय झालं, मुलाला वेगळं काहीतरी करायचं आहे, आपण वाटण्या करू. एका बाजूला जळगावची गिरणी, जागेसकट. दुसऱ्या बाजूला धुळ्याच्या गोडाऊनमधला सगळा माल. ताळेबंदाप्रमाणे दोन्ही पारडी जवळजवळ सारखी.

इथे माझी हुशारी जागी झाली. तुरीचा भाव चढत होता. आणखी दोन महिने माल धरला तर त्या पैशात नवी गिरणी उभी राहिली असती, नव्या मोटारीची, चकचकीत. जुन्या गिरणीचे पट्टे कुठे झिजलेत, कुठला बेअरिंग किरकिरतो, हे मलाच माहीत होतं. ते झेंगट नानांच्या गळ्यात जावं आणि माल माझ्या हाती यावा, असा मी बेत केला. खरं सांगायचं तर फसवायला मी निघालो होतो.

वाटणीची बैठक धुळ्याला, चार सोयऱ्यांसमोर. मी म्हणालो, "नाना, माल मला द्या."

नाना म्हणाले, "नको, भाऊ. गिरणी तुन्ही शे. तुन्हा हातनी शे. तूच ठेव."

बैलबाजारात धनी जितका नाही म्हणेल तितका बैल चांगला दिसतो. मी हट्टाला पेटलो. नाना दुसऱ्यांदा नको म्हणाले. एक सोयरा म्हणाला, "अरे, म्हातारा एवढं सांगतो तर ऐक." मी त्या सोयऱ्यालाही झापलं. शेवटी नानांनी खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. बैलांचा सौदा होतो तसा, बोटांनी, कापडाखाली, म्हणजे बाकीच्यांना आकडा कळू नये. वरचा थोडा फरक कोणी कोणाला द्यायचा एवढंच उरलं होतं. मी त्यांची बोटं दाबली, त्यांनी माझी. तोही फरक मी द्यायचा ठरला. मी वर पैसे देऊन तो माल घेतला! उपरणं काढलं तेव्हा नाना जरा थकलेले दिसले. मला वाटलं हरले म्हणून. मी जळगावला येऊन पेढे वाटले.

आठवड्याने मी ट्रक घेऊन माल उचलायला गेलो. हमालांनी पुढची रांग काढली. मग दुसरी. तिसरीला हात घातला तर एक हमाल पुढे झुकला आणि दिसेनासा झाला.

थप्पी आतून पोकळ होती. बाहेरून भिंती, मधे खोली. खोलीत एक बाज, बाजेवर उशी, उशाला पाण्याचं मडकं आणि नानांचा चष्मा. मागच्या बाजूला, घराच्या दाराकडे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती आणि तिच्यावर ओलं गोणपाट पडद्यासारखं टांगलेलं. मी आत शिरलो. बाजेवर बसलो. आणि खोटं कशाला बोलू, आत खरंच गार होतं. बाहेर धुळ्याचं ऊन भाजत होतं आणि माझ्या गिरणीच्या किमतीत घेतलेल्या पोकळीत वाळ्याच्या पडद्यातून यावा तसा वारा येत होता.

मी बाहेर येऊन जो ओरडलो तो गल्लीभर ऐकू गेला असेल. नाना शांतपणे आले. चष्मा पाहून म्हणाले, "हाई आठे शे व्हय! मी दोन दिनथून धुंडी ऱ्हायनू."

"नाना, हे काय आहे?"

"मी दुपारले तठे झोपस, उन्हायामा. बठ्ठा घरले माहीत शे. तुले कोनी सांगं नही?"

"मालाच्या कागदावर पूर्ण थप्पी लिहिली आहे!"

"कागदवर सही तुन्ही शे, भाऊ. आनि लाभ बी तूच म्हणेल शे." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी तर तुले सांगी ऱ्हायंतू, गिरणी ठेव म्हनीसन."

हे शेवटचं वाक्य मला आजही झोपू देत नाही. सांगत होते खरे. पण ज्याला खरंच सांगायचं असतं तो 'गिरणी ठेव' म्हणतो की 'थप्पी पोकळ आहे' म्हणतो? माझी बायको म्हणते, म्हाताऱ्याने तुम्हाला वाचवायची पराकाष्ठा केली, चार लोकांत स्वतःची अब्रू ठेवून जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. मी म्हणतो, मग वरचे पैसे का घेतले? यावर ती म्हणते, तुम्ही बोटं दाबून दिलेत म्हणून. हे असं आमच्या घरात चालतं.

सीएंकडे गेलो. त्यांनी ती इंग्रजी ओळ दाखवली. "प्रमाणित तुम्ही केलंय, भाऊसाहेब. मी फक्त 'त्यानुसार' आहे." मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी चहा मागवला.

कोर्टात जा, असं यार्डातले सगळे म्हणाले. कोर्टात जायचं म्हणजे अक्काच्या सासऱ्याला पिंजऱ्यात उभं करायचं, आणि पुढच्या राखीला कुठल्या तोंडाने जायचं? सौदा करणाऱ्याला तोंडच लागतं. मी मिळाला तेवढा माल विकला, देणी भागवली आणि पुन्हा दलालीला लागलो, जिथून सुरुवात केली होती त्याच यार्डात, त्याच ओट्यावर. लोक आता मला गिरणीवरून ओळखत नसत. 'थप्पीवाले' म्हणत. पुढे शेंगदाण्यात हात घातला, चाळीसगावला एक गाळा घेतला, आणि पुन्हा उभा राहिलो. आता माझ्या गाळ्यावर माल घेताना मी प्रत्येक पोत्यात हात घालतो. सोयरा असला तर दोन्ही हात. त्यामुळे सोयरे माझ्याकडे येईनासे झाले आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

माझी गिरणी अजून चालते. दाजी चालवतात. तिचा तोच बेअरिंग आजही किरकिरतो, रस्त्यावरून जाताना मला ऐकू येतो. आतून कुणी मला पाहिलं तर चहाला बोलावतं. मी जात नाही. एकदा गेलो होतो, तेव्हा बेअरिंगला ग्रीस लावून आलो.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं दाबली, कापडाखाली दाबायचे तशी. तो कसला आकडा होता मला कळलं नाही. विचारायच्या आत ते झोपले. त्यांच्याकडून हिशेब आता मिळणार नाही. सीएंचं मोठं ऑफिस झालं आहे, तिथे दारावरचा माणूस नाव विचारतो, त्यांच्याकडूनही नाही.

राहिली अक्का. दर भाऊबीजेला मी धुळ्याला जातो, ती ओवाळते, मी ताटात ओवाळणी घालतो. दर वर्षी विचारायचं ठरवतो. एकदा विचारलंही. ती कढईतून करंजी काढत होती. म्हणाली, "कोनतं मझार? काय बोलस तू भाऊ?" आणि हसली. ते हसणं मी ओळखतो. लहानपणी गूळ चोरून खाल्ल्यावर ती अशीच हसायची, आणि बोलणी मी खायचो.

तर अक्का, हे तुझ्यासाठी. हे छापून आलं की अंक मी स्वतः घेऊन येईन आणि तू वाचेपर्यंत ओट्यावर बसेन. जेवायला थांबणार नाही, पुरणपोळी करू नकोस. नानांचं सोड, सीएंचं सोड, माझ्या सहीचंही सोड. त्या दिवशी तुझ्या हातात ट्रे होता आणि तू हनुवटीने दाखवलंस. तू मला घरात जा म्हणालीस, की थप्पीत? सासऱ्याची सून म्हणून बोललीस, की माझी बहीण म्हणून? मझार म्हणजे कुठे, अक्का? माझी गिरणी गेली आहे. उत्तर दे.